पोलन पॅटी : तीन सीझन वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आमच्याकडे न्यू जर्सीत फेब्रुवारीच्या शेवटी मधेच एखाद्या दिवशी 12-13 डिग्री होतं आणि पेट्यांमधल्या मधमाश्या भसाभस बाहेर पडतात. पहिल्या वर्षी अशाच एका दुपारी शेजारच्या आजींचा फोन आला, तुझ्या माश्या माझ्या बर्ड फीडरवर बसल्यात आणि पक्षी जवळ यायला तयार नाहीत. जाऊन बघतो तर खरंच, शंभरेक माश्या मक्याच्या भरड्यात लोळतायत, अंग पिठाने माखलेलं, आणि मागच्या पायांना त्या पिठाचे गोळे बांधून घरी नेतायत. पराग समजून. झाडावर एक फूल नाही, पेटीत राणी अंडी घालायला लागलीय, अळ्यांना भरवायला प्रोटीन हवंय, मग मिळेल ती भुकटी उचलायची. ते बघून पोटात कालवलं आणि त्याच संध्याकाळी पोलन पॅटीचा, म्हणजे माश्यांना परागाऐवजी द्यायच्या प्रोटीनच्या खाद्याचा, 10 पौंडांचा बॉक्स मागवला.

ब्रँड लिहीत नाही कारण मी दोन-तीन वापरले आणि एकदा लेबल वाचता आलं की ब्रँडचं एवढं काही नाही. पॅटी म्हणजे साधारण एक पौंडाची चपटी वडी, दोन्ही बाजूंनी मेणकागद. आत सोया किंवा दुसरं कसलं प्रोटीनचं पीठ, ब्रुअर्स यीस्ट, साखर, थोडं तेल, काहींमध्ये खरा परागही असतो. हाताला लागते ती घट्ट झालेल्या पुरणासारखी, वास यीस्टचा. लेबलवर दोन गोष्टी बघा, प्रोटीन किती टक्के आणि खरा पराग आहे का. पराग घातलेली पॅटी माश्या लवकर खातात, माझ्याकडे तरी स्पष्ट फरक दिसला, पण तो पराग रेडिएशन देऊन निर्जंतुक केलेला आहे असं लिहिलेलं असेल तरच घ्या, कारण अमेरिकन फाउलब्रूड या अळ्यांच्या रोगाचे जंतू परागातून येऊ शकतात आणि तो रोग आला तर पेटी जाळायची वेळ येते. आणि एक, दुकानात विंटर पॅटी नावाचा वेगळा प्रकार असतो, ती जवळपास सगळी साखर, प्रोटीन नावापुरतं. पोलन पॅटीत ते 15 टक्क्यांच्या आसपास असतं. दिसायला दोन्ही सारख्याच. मी एका दुकानात ऐन जानेवारीत विंटर पॅटी मागितली तर काउंटरवरच्या माणसाने पोलनचा बॉक्स दिला आणि वर सांगितलं की सगळं एकच असतं. मी नवीन होतो, विश्वास ठेवला.

ते मला फार महागात पडलं. प्रोटीन मिळालं की राणीला वाटतं वसंत आला, ती अंडी वाढवते. ब्रूड (म्हणजे पोळ्यातली अंडी, अळ्या आणि कोश) असलं की माश्यांना तिथलं तापमान 34-35 डिग्रीला धरून ठेवावं लागतं, बाहेर बर्फ असला तरी, आणि ते सगळं मध जाळून. जानेवारीत घातलेल्या पॅटीने ब्रूड भराभर वाढलं, मग फेब्रुवारीत आठवडाभर कडाक्याची थंडी पडली, माश्या ब्रूड सोडून हलेनात. मार्चमध्ये पेटी उघडली तर मुठीएवढा मेलेला गोळा, प्रत्येक माशी पोळ्याच्या खणात डोकं खुपसलेली, आणि तिथून फक्त तीन इंचांवर मधाने भरलेली फ्रेम. पोरं सोडून गेल्या नाहीत त्या. मी ती फ्रेम हातात धरून बराच वेळ तसाच उभा होतो.

त्यामुळे पॅटीला मी 5 पैकी 4 देतो, पण वेळ चुकली तर शून्य. आमच्या भागात लवकर पराग देणारा रेड मेपल फुलतो मार्चच्या मध्यानंतर, मी पॅटी घालतो त्याच्या तीनेक आठवडे आधी. हिशोब साधा आहे, अंड्यातून कामकरी माशी बाहेर यायला 21 दिवस, मग ती फुलांवर जायला लागेपर्यंत आणखी तीनेक आठवडे, म्हणजे मे महिन्यातल्या ब्लॅक लोकस्ट या मधाच्या झाडाच्या बहराला ज्या माश्या पाहिजेत त्यांची अंडी मार्च संपता संपता पडलेली पाहिजेत. आणि एकदा सुरू केलं की खरा पराग येईपर्यंत थांबायचं नाही. मधेच बंद केलं तर पेटीत अळ्या भरपूर आणि त्यांना भरवायला काही नाही अशी अवस्था होते, मग माश्या आधी स्वतःच्या अंगातलं प्रोटीन वापरतात आणि ते संपलं की अळ्याच खाऊन टाकतात. पॅटीआधी पेटी मागून उचलून वजन बघा. हलकी लागली तर आधी साखर, पॅटी नंतर.

ठेवायची कुठे हेही महत्त्वाचं. फ्रेमच्या वर, बरोबर ब्रूडच्या डोक्यावर, कागदाला खालून दोन-तीन चिरा देऊन. पॅटी खाणाऱ्या असतात त्या अळ्यांना भरवणाऱ्या तरुण माश्या आणि त्या ब्रूडपासून लांब जात नाहीत, पाच इंच बाजूला ठेवली तर तशीच वाळून दगड होते. अख्खी पॅटी घालू नका, आठवड्यात संपेल एवढाच तुकडा. आमच्याकडे स्मॉल हाइव्ह बीटल (पेटीत शिरणारा छोटा भुंगेरा) आहे, ऊन तापायला लागलं की तो पॅटीतच अंडी घालतो, दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये विसरलेला एक तुकडा उचलला तर खाली वळवळणाऱ्या अळ्या आणि चिकट बुळबुळीत पाणी. धुवायला संध्याकाळ गेली.

त्याच वर्षी चारपैकी दोन पेट्यांना पॅटी घातली आणि दोनना नाही. एप्रिलच्या मध्यावर पॅटीवाल्यांत ब्रूडच्या सात फ्रेम, बाकीच्यांत पाच. चार पेट्यांवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण त्या सात फ्रेमवाल्यांपैकी एक एप्रिल संपायच्या आत झुंड करून उडून गेली, शेजारच्या आजींच्या मेपलवर तीस फूट वर जाऊन बसली, हाताला लागणं शक्यच नव्हतं. पेटी वाढवायची असेल तर वरचा मजला (वर रचायचा दुसरा खोका) आणि स्प्लिटची, म्हणजे एका पेटीच्या दोन करायची, तयारी आधीपासून हवी. ज्याला स्प्लिट करायचेत किंवा कॅलिफोर्नियात फेब्रुवारीत बदामाच्या परागीकरणाला पेट्या पाठवायच्यात त्याला पॅटीशिवाय गत्यंतर नाही. माझ्यासारखा घरामागे चार पेट्या ठेवणारा, आजूबाजूला मेपल आणि विलो भरपूर, तर मार्च कोरडा आणि उबदार गेला की गरज पडत नाही. पण मार्चभर पाऊस लागला आणि 10 डिग्रीच्या वर दिवसच गेला नाही तर बाहेर पराग असून माश्यांना आणता येत नाही, तेव्हा पॅटीने पेटी वाचते.

घरी पण करून बघितली, हायडॅक नावाच्या मधमाशी-संशोधकाचं जुनं प्रमाण, 3 भाग तेल काढलेलं सोयाचं पीठ, 1 भाग ब्रुअर्स यीस्ट, 1 भाग दूध पावडर, साखरेच्या घट्ट पाकात कणकेसारखं मळायचं. बाहेरचा मध घालू नका, रोग त्यातूनही येतो. स्वस्त पडली, पण माश्यांनी पराग नसलेली असल्यामुळे असेल, कुरकुरत खाल्ली.

बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवली तर ते बघतच राहिले. त्यांच्या सातेरीच्या (आपल्याकडच्या देशी मधमाशीच्या) पेट्या महाबळेश्वराच्या खालच्या अंगाला, त्यांची अडचण वसंताची नाही, पावसाळ्याची, तिथे जून ते सप्टेंबर माशी बाहेरच पडू शकत नाही, तेव्हा करवंटीत पाक घालून वर काड्या टाकायच्या म्हणजे माश्या बुडत नाहीत. खायला नसलं की सातेरी उपाशी मरत बसत नाही, सरळ पेटी सोडून जाते. पॅटी बघून त्यांनी एकच विचारलं, पाकाने पोट भरतं पण पिल्लं वाढत नाहीत, हे तिथे कुणी सांगितलं तुला? मी म्हटलं आजींच्या बर्ड फीडरने. आता पुढच्या पावसाळ्याआधी त्यांना सोया आणि यीस्ट आणून द्यायचंय, एका पेटीत घालून बघणार म्हणालेत.

यंदा 19 मार्चला पहिल्यांदा दारावर पिवळे गोळे बांधलेल्या माश्या उतरताना दिसल्या, दोन दिवसांत पॅटीकडे कुणी ढुंकून बघेना. उरलेले तुकडे काढून टाकले, न उघडलेल्या चार पॅट्या तारीख लिहून फ्रीजरमध्ये गेल्यात.