कवीला व्हॉट्सॲप ग्रुप किती काळ पुरतो?

मराठवाड्यात नव्यानं लिहिणाऱ्याची कविता आता छापून येण्याआधी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येते. किनवटच्या, भूमच्या किंवा औंढ्याच्या कवीनं साहित्य परिषदेच्या कार्यक्रमासाठी छत्रपती संभाजीनगर गाठायचं म्हटलं तर अख्खा दिवस मोडतो. ग्रुपवर दोन मिनिटांत कविता पोचते आणि ऐकणारे भेटतात. ही सोय खरी आहे. पण कवी जसजसा वाढतो तसतसं त्यानं या सोयीकडून घ्यायचं बदललं पाहिजे. न बदलणाऱ्याची कविता ग्रुपच्याच मापाची होऊन बसते.

सुरुवातीला बहुतेक जण उपक्रमांच्या ग्रुपमध्ये जातात. रोज विषय मिळतो, एखाद्या वारी चारोळी, एखाद्या वारी अभंग, गझलेच्या ग्रुपवर तरहीची ओळ, म्हणजे जिच्यावरून गझल रचायची ती दिलेली ओळ. संध्याकाळी परीक्षक क्रमांक काढतात आणि रंगीत सन्मानपत्र येतं. हात चालू राहण्यासाठी हे चांगलंच आहे. अभंगाच्या चार चरणांत सहा-सहा-सहा-चार अक्षरं बसवायची सवय याच रोजच्या रियाजातून लागते. लगावली, म्हणजे ओळीतला लघु-गुरूंचा क्रम, तपासून देणारा जाणकार ग्रुपमध्ये असेल तर गझल लिहिणाऱ्याचं वर्षभराचं काम काही महिन्यांत होतं. काफिया (यमक) कुठे सैल पडला, मतल्यात (पहिल्या शेरात) रदीफ (यमकानंतर पुन्हा पुन्हा येणारा शब्द) कसा ठरतो, जोडाक्षराआधीचं अक्षर कधी गुरू धरायचं, हे तिथे उदाहरणासकट कळतं. एवढं शिकून झालं की मात्र अशा ग्रुपचं देणं संपतं. कारण साधं आहे. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १०२४ पर्यंत माणसं मावतात आणि मोठ्या ग्रुपवर दिवसाला शेकड्यानं संदेश पडतात. एवढ्या गर्दीत कुणी दुसरं कडवं वाचत नाही. लांब संदेश तर 'अधिक वाचा'पाशीच तुटतो. मग कवी नकळत पहिल्या चार ओळींतच सगळं सांगून टाकायला लागतो, शेवटी टाळीची ओळ ठेवायला लागतो. 'अप्रतिम', 'वाह' आणि हात जोडलेली खूण यांतून कवितेतली कच्ची ओळ कोणती, हे कधीच कळत नाही.

पडद्याची रुंदीही कवितेत हात घालते. भुजंगप्रयात वृत्ताची बारा अक्षरांची ओळ साधारण फोनवर सरळ बसते. देवप्रिया वृत्ताची सव्वीस मात्रांची ओळ मात्र अक्षर मोठं ठेवलेल्या फोनवर मोडून खाली उतरते, आणि वाचणाऱ्याला शेर दोन ओळींचा आहे की चार, हेच समजत नाही. दोन शेरांमध्ये एक ओळ मोकळी सोडली की हा घोटाळा बराच कमी होतो. ओळीच्या सुरुवातीला आडवी रेघ देऊन जागा सोडली तर व्हॉट्सॲप तिचा ठिपका करून यादी बनवतं. संवादाच्या कवितेत हे हमखास घडतं. शब्दाच्या दोन्ही बाजूंना फुली (*) दिली की तो ठळक होतो आणि फुल्या गायब होतात. मांडणी महत्त्वाची असेल त्या कवितेची पीडीएफच पाठवावी.

बोलीत लिहिणाऱ्यांसाठी वेगळा धोका आहे. 'मपलं', 'कामून', 'गेल्तो' असे शब्द रोमन अक्षरांतून टंकले की कळफलक जवळचा प्रमाण शब्द पुढे करतो आणि घाईत तोच बसतो. जीबोर्ड या गूगलच्या कळफलकाच्या सेटिंगमध्ये 'टेक्स्ट करेक्शन'खाली 'ऑटो करेक्शन' बंद करावं, आणि नेहमीचे बोलीतले शब्द त्याच्याच 'डिक्शनरी'त घालून ठेवावेत. थेट मराठी कळफलक वापरला तर त्याहून बरं.

खरं बळ आहे ते आवाजाच्या संदेशात. कमी रेंजच्या गावातही तो जातो, आणि परभणीकडच्या कवीचा हेल, बीडकडच्या बाईनं धरलेला ओवीचा सूर कागदावर उतरत नाही तो त्यात उतरतो. ज्यांना लिहिता येत नाही पण जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ आहेत, अशा आज्यांच्या ओव्या या सोयीमुळे घरबसल्या जमवता येतात. कुणाची ओवी, कुठलं गाव, कोणत्या प्रसंगाची, हे म्हणणाऱ्या बाईच्याच तोंडून सुरुवातीला बोलवून घ्यावं. पुढे फाइलचं नाव हरवतं, आवाजातली ओळख हरवत नाही.

छंदाची बैठक बसली की कवीनं लहान ग्रुप धरावा. आठ ते बारा माणसं पुरेत, आठवड्याला एकच कवी. सोमवारी पूर्ण कविता आणि तिचं वाचन टाकायचं, मग तीच कविता कडव्याकडव्यानं वेगळ्या संदेशात टाकायची. असं केलं की नेमक्या कडव्यावर बोट ठेवून उत्तर देता येतं आणि चर्चा भरकटत नाही. मूळ कविता सात दिवसांसाठी पिन करावी. मग ॲडमिननं 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील' ही सेटिंग लावून शुक्रवारपर्यंत ग्रुप बंद ठेवावा. पहिल्याच वाचनात तोंडातून निघणारी वाहवा यानं थांबते आणि माणसं कविता दोन-तीनदा वाचतात. शुक्रवारी प्रत्येकानं एक टिकणारी आणि एक गळणारी ओळ कारणासह सांगायची. कवीनं रविवारपर्यंत उत्तर द्यायचं नाही. सोयाबीनच्या काढणीत आणि रब्बीच्या पेरणीत सुट्टी द्यावी, कारण निम्मे सभासद रानात असतात. २७ फेब्रुवारी (मराठी भाषा गौरव दिन) आणि १७ सप्टेंबरलाही (मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन) कविता टाकू नये. शुभेच्छांच्या चित्रांखाली ती दबते.

या सेवेचा सर्वांत मोठा तोटा नावाचा आहे. फॉरवर्ड केलेल्या संदेशावर मूळ कवीचं नाव येत नाही, आणि मजकूर कॉपी करून चिकटवला तर 'फॉरवर्डेड' हा शिक्काही उरत नाही. शेवटच्या ओळीखालचं नाव कापणं कुणालाही जमतं. पोस्ट केल्यावर दुरुस्तीला १५ मिनिटं मिळतात; सगळ्यांसाठी पुसायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो, पण तोवर उचललेली प्रत परत येत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कविता लिहून झाल्याक्षणी हक्क कवीचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि कलम ५७ कवीला आपलं नाव लावून घेण्याचा हक्क देतं. भांडणाची वेळ आली तर तारखेचा पुरावा लागतो, म्हणून पोस्ट करण्याआधी कविता स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवावी. संग्रहाचं हस्तलिखित तयार असेल तर एका कृतीमागे ५०० रुपये भरून नोंदणी करता येते.

ग्रुपला कवितेची पेटी समजू नये. बॅकअप परत आणायला तोच नंबर लागतो. रिचार्ज थांबून नंबर गेला की कविता अडकतात.

पुस्तकाच्या वाटेवर आलेल्या कवीनं ग्रुपवर नवी कविता टाकणं थांबवावं. बरेच संपादक समाजमाध्यमांवर आलेली कविता अप्रकाशित धरत नाहीत, आणि दिवाळी अंकांचं साहित्य पावसाळ्यातच मागवलं जातं. याच टप्प्यावर ग्रुपवरून 'प्रातिनिधिक संग्रहा'ची निमंत्रणं येतात: पानामागे ठरावीक रक्कम आणि बदल्यात दोन-चार प्रती. निवड कोण करणार आणि प्रती किती निघणार, हे लेखी विचारावं. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचे, वेगळे पैसे मागितले तर देऊ नयेत. भारतात तो क्रमांक सरकारी संस्थेकडून मोफत मिळतो. छापखान्याला व्हॉट्सॲपचा मजकूर दिला आणि तिथे जुना श्रीलिपीसारखा फॉन्ट असला, तर रूपांतरात 'ॲ', रफार आणि 'दुसऱ्या'तला अर्धा र बिघडतो. मुद्रित तपासताना ही अक्षरं आधी शोधावीत.

उपक्रमाचा ग्रुप पहिल्या वर्षासाठी घ्यावा असाच आहे. लहान वाचनगट कितीही वर्षं चालवावा. बक्षिसं आणि सन्मानपत्रं यांच्यासाठी मात्र एकही ग्रुप ठेवू नये. बाहेर पडताना सूचना फक्त ॲडमिनला जाते, बाकीच्यांना नाही, तरी जुन्या सभासदांच्या यादीत नाव ६० दिवस दिसतं. ज्यांनी लगावली शिकवली त्यांना फोन करून मगच बाहेर पडावं, आणि त्याआधी चॅट एक्सपोर्ट करून आपल्या कवितांखालच्या कामाच्या सूचना एका वहीत उतरवून घ्याव्यात.