पॅसेज, जिना, पार्किंग: टायमर लावायचा, पीआयआर की मायक्रोवेव्ह सेन्सर?

इमारतीच्या सामायिक जागांतले दिवे गरजेपुरतेच लागावेत, म्हणून टायमर किंवा माणसाची चाहूल लागताच दिवा लावणारा सेन्सर बसवतात. आधी हिशोब मांडू. 20 मजल्यांची इमारत, दर मजल्यावर 18 वॅटचे चार एलईडी. हे 80 दिवे चोवीस तास चालू राहिले, तर वर्षाला साधारण 12,600 युनिट जळतात. माणसांची ये-जा दिवसाचे जेमतेम चार तास धरली, तर दर दिव्याच्या सेन्सरची स्वतःची अर्धा वॅट वीज धरूनही काम 2,450 युनिटच्या आसपास भागतं.

बटणाचा टायमर सगळ्यात साधा: बटण दाबलं की दिवा ठरावीक वेळ लागतो. पण अंधारात बटण चाचपडावं लागतं, आणि गुडघे दुखणारं माणूस दोन मजल्यांच्या मध्ये असतानाच दिवा जातो. जिन्यासाठी मी तो सुचवणार नाही. बाहेरच्या दिव्यांना मात्र सूर्यास्ताची वेळ तारखेनुसार स्वतः बदलणारा टायमर उत्तम. तिथे सेन्सरचा खटाटोप नको.

खरी निवड पीआयआर आणि मायक्रोवेव्हमध्ये आहे. पीआयआर अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपतो. माणूस त्याच्या समोरून आडवा गेला तर चटकन कळतं, सरळ त्याच्याच दिशेने चालत आला तर उशिरा. म्हणून लांब पॅसेजच्या टोकाला भिंतीवर लावलेला पीआयआर फसतो. हवा अंगाइतकी तापली की त्याची नजर मंदावते. पण भिंतीपलीकडचं त्याला दिसत नाही, आणि जिन्यात हेच हवं असतं.

मायक्रोवेव्ह उष्णतेवर अवलंबून नसतो, तो लहरी सोडून परत येणाऱ्या लहरींवरून हालचाल ओळखतो. त्याच्या लहरी पातळ भिंती, लाकडी दारं, काच यांतून आरपार जातात. पार्किंगमध्ये त्याची लांबवरची पकड कामाची. घरांच्या दारांशेजारी मात्र आतल्या माणसाच्या फेऱ्यांनीही बाहेरचा दिवा लागतो, लिफ्टजवळही तेच. तिथे लावायचाच असेल तर संवेदनशीलता कमी करून घ्या.

पॅसेजमध्ये दिवा पूर्ण बंद करूच नये, असं माझं ठाम मत आहे. कोणी नसताना 20 टक्क्यांवर मंद आणि चाहूल लागताच पूर्ण, असे दिवे घ्या. वरच्याच हिशोबात वर्षाला साधारण 4,200 ते 4,500 युनिट लागतील. बंद-चालूपेक्षा जास्त, पण लिफ्टचं दार उघडल्यावर समोर काळोख नको. लहान मूल एकटं वर येतं, तेव्हा हा फरक कळतो.

खरेदीआधी सेन्सरवर एलईडीसाठी वेगळी वॅट-मर्यादा छापली आहे का, ते बघा. एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारं सर्किट, चालू होताना क्षणभर खूप जास्त करंट ओढतो. एका सेन्सरवर जास्त दिवे जोडले की सेन्सरमधल्या रिलेचे, म्हणजे आतल्या स्विचचे, पॉइंट चिकटतात आणि दिवे बंदच होत नाहीत. आपत्कालीन दिवे या सर्किटवर अजिबात घेऊ नका.

बहुतेक सेन्सरांवर स्क्रूड्रायव्हरने फिरवायच्या बारीक खुंट्या असतात. वेळेची खुंटी तीस सेकंदांवर राहिली, तर दारात किल्ली शोधणाऱ्याला हात हलवत उभं राहावं लागतं. जिन्यात ती दोन-तीन मिनिटांवर ठेवा. आधी एकाच मजल्यावर आठवडाभर लावून बघा, मग उरलेल्या मजल्यांची ऑर्डर द्या.