स्टेपल सिंगर्स: आधी कुठलं ऐकावं?

भाचीचा प्रश्न: शिकागोच्या या गाणाऱ्या कुटुंबाचं 1956 चं गाणं ‘अनक्लाउडी डे’ आधी ऐकू, की 1972 चं ‘आय’ल टेक यू देअर’?

साथ म्हणाल तर जुन्यात वडील पॉप्स यांची थरथरती गिटार, बाकी फारसं काही नाही. नव्यात अमेरिकेतल्या मसल शोल्स या गावच्या वादकांचा ठेका. पाय आपोआप हलतो.

मुख्य आवाज दोन्हीकडे पॉप्स यांची मुलगी मेव्हिस हिचाच. पण जुन्यात ती विशीचीही नाही आणि खर्ज असा लावते की अंगावर काटा येतो! मला तेच जास्त भिडतं.

शब्दांत जुनं थेट स्वर्गाचं, नवं देवाचं नाव न घेता तीच ओढ लावणारं.

भजनाची आवड असेल, घरच्यांचे मिसळलेले सूर ऐकायचे असतील तर 1956. गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिसंगीत, नवखं असेल, ठेका हवा असेल तर 1972.