इंटरनेट आर्काइव्ह: फुकट, बिनजाहिरातीचं आणि बघतच राहावं असं

घरच्या ग्रुपवर मी जुन्या सिनेमांच्या, गमतीजमतीच्या लिंका टाकत असते. "हे कुठून शोधून काढतेस गं?" असं हमखास कुणीतरी विचारतं. बहुतेक वेळा उत्तर एकच असतं, आर्काइव्ह डॉट ऑर्ग, म्हणजे जुने सिनेमे, पुस्तकं, गेम जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हची साइट. सॅन फ्रान्सिस्कोची ही ना-नफा संस्था ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली सुरू केली. सिनेमा बघायला पैसे नाहीत, लॉगिन नाही, आणि ऐन रंगात आलेल्या प्रसंगात जाहिरात येत नाही. माझ्याकडून पाचपैकी पाच.

फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन' बघाच. सुरुवातीला त्यांची लहानगी मंदाकिनी कॅमेऱ्याकडे तोंड करून चेहऱ्यावरचे भाव एकामागून एक बदलून दाखवते, आणि मग तीच कृष्ण होते. शंभर वर्षांपूर्वीची ती पोर इतकी मोकळी आहे की मी तेवढाच तुकडा परत परत लावते.

माझा सगळ्यात लाडका कोपरा मात्र रिक प्रीलिंगर यांच्या संग्रहाचा. अमेरिकेतल्या जुन्या शाळकरी, सरकारी आणि कंपन्यांच्या फिल्म त्यांनी जमवल्या. त्यातली १९५१ ची 'डक अँड कव्हर' मी मे महिन्याच्या दुपारी, कूलरसमोर बसवून भाच्यांना दाखवली. बर्ट नावाचं कासव हेल्मेट घालून डुलत चाललंय, झाडावरून माकड काठीला फटाका बांधून त्याच्या डोक्यावर धरतं, कासव झटकन कवचात! पुढे खरी मुलं अणुबॉम्बपासून वाचायला बाकांखाली शिरतात. "मावशी, बाकाखाली शिरून काय होते?" धाकट्याने विचारलं. त्यावरून हिरोशिमापर्यंत बोलणं गेलं. इतकं चांगलं बोलणं पाठ्यपुस्तकावरून आमच्याकडे कधी झालं नव्हतं.

विनोदवीर बस्टर कीटनचा १९२६ चा 'द जनरल' हा सिनेमा डाउनलोड करून नागपूरच्या महाल भागातल्या घराच्या गच्चीवर भिंतीवर लावला. नागपूरची गच्ची उन्हाळ्यात रात्रीही तापलेलीच, म्हणून आधी पाणी मारावं लागलं. मूकपट असल्यामुळे आजीला भाषेची अडचण नाही, मधल्या पाट्या मी वाचून दाखवल्या. जळत्या पुलावरून इंजिन नदीत कोसळतं तेव्हा ते मॉडेल नसून खरंखुरं इंजिन आहे, हे सांगितल्यावर तो प्रसंग पुन्हा लावायला लागला.

'प्रिन्स ऑफ पर्शिया'सारखे जुन्या कॉम्प्युटरवरचे (डॉसवर चालणारे) गेमही ब्राउझरमध्येच चालतात. त्या राजपुत्राचं धावणं-उड्या मारणं खरं वाटतं, कारण गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने आपल्या भावाला पळायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून गेममधली हालचाल काढली.

मराठी काही शोधायचं असेल तर धीर ठेवा. पुस्तकांची नावं बरेचदा रोमन लिपीत आणि वेडीवाकडी नोंदलेली असतात, तेव्हा दोन-तीन स्पेलिंगं घालून बघा. साइटवर कुणीही काहीही चढवू शकतं, म्हणून नवे सिनेमे तिथे दिसले तरी मी हात लावत नाही. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे बिनधास्त बघण्यासारखं जुनं भरपूर आहे. आवडलेली फिल्म उजवीकडच्या डाउनलोडच्या यादीतून उतरवून घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे साइट काही दिवस बंद होती, तशी वेळ आली तर जवळची प्रत कामी येते. घरात लहान मुलं असतील तर सुरुवात बर्ट कासवापासून करा, फिल्म जेमतेम नऊ मिनिटांची आहे.