बीबीसी मायक्रो आणि जादा रॅमचं बोर्ड: सहा महिने वापरून

भाच्याने गेल्या दिवाळीत लेस्टरहून येताना स्वेटरांत गुंडाळून बीबीसी मायक्रो मॉडेल बी हे ऐंशीच्या दशकातलं ब्रिटिश कॉम्प्युटर मशीन आणलं. १९८५च्या सुमारास 'क्लास' या शाळांत कॉम्प्युटर शिकवण्याच्या सरकारी प्रकल्पात आमच्या शाळेत हीच मशीन आली होती. एका कीबोर्डवर पाच जण, त्यामुळे हातात यायची ती फक्त स्पेस बार.

चालू केलं की तोच दोन सुरांचा आवाज आणि लगेच बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा हजर. पण या मशीनवर जीव जडतो तो बेसिकच्या पोटात बसवलेल्या असेंब्लरमुळे, म्हणजे प्रोसेसरसाठी लिहिलेल्या सूचनांचे थेट मशीनचे आकडे करून देणाऱ्या प्रोग्रॅममुळे. हे बेसिक लिहिणाऱ्या सोफी विल्सन यांनी १६ केबीच्या रॉममध्ये (न पुसल्या जाणाऱ्या मेमरीत) बेसिकसोबत तोही कोंबलाय. प्रोग्रॅममध्येच चौकटी कंस उघडा, ६५०२ या मशीनमधल्या प्रोसेसरच्या सूचना लिहा, कंस बंद करा, झालं. लेबलाआधी, म्हणजे प्रोग्रॅममधल्या जागेला दिलेल्या नावाआधी, टिंब. पुढच्या लेबलावर उडी मारायची असेल तर पहिल्या फेरीत त्याचा पत्ता माहीत नसतो, म्हणून सगळं फॉर लूपमध्ये घालून दोनदा फिरवायचं. बेसिकचे व्हेरिएबलही आतमध्ये चालतात. स्पेक्ट्रम या त्याच काळातल्या दुसऱ्या घरगुती कॉम्प्युटरवाल्यांना असेंब्लर वेगळा विकत घेऊन टेपवरून चढवावा लागे.

रड आहे ती जागेची. रॅम ३२ केबी, त्यातले २० केबी मोड ०चा, म्हणजे सगळ्यात बारीक ग्राफिक्सच्या मोडचा, स्क्रीनच खातो. डिस्कची सोय बसवली की आणखी कात्री, प्रोग्रॅमला उरतात ५८८८ बाइट! म्हणून शॅडो रॅमचं जुनं बोर्ड मागवलं. स्क्रीन वेगळ्या रॅममध्ये जातो आणि त्याच मोडमध्ये २६३६८ बाइट मोकळे मिळतात. प्रोसेसर उपटून त्या सॉकेटात बोर्ड आणि बोर्डवर प्रोसेसर, एवढंच काम. विकणाऱ्याने 'तपासलेलं' म्हणून पाठवलं, पण दोन पिना आडव्या झाल्या होत्या. चिमट्याने सरळ करण्यात रविवार गेला.

गेमसाठी मात्र घेऊ नका. बरेच गेम स्क्रीनच्या मेमरीत थेट लिहितात, आणि शॅडो चालू असताना ते लिहिलेलं पडद्यावर येतच नाही. मुख्यतः अक्षरांसाठीच्या मोड ७मध्येच काम करणार असाल तरी पैसे वाया, तो स्क्रीन १ केबीतच भागवतो. मोठ्या ग्राफिक्स मोडमध्ये स्वतःचं काही लिहिणार असाल तर डोळे मिटून घ्या.

आणि मशीन आलं की आधी पॉवर सप्लायमधले जुने फिल्टर कपॅसिटर बदला. मी आळस केला. तिसऱ्या दिवशी भस्सकन धूर निघाला, आणि तेव्हापासून आमचं बीबीसी गॅलरीत असतं.