घरची जुनी मोटरसायकल: मूळ रूपात उभी करायची, की नव्या ढंगात?

खान्देशात जुनी मोटरसायकल शोधायला फार लांब जावं लागत नाही. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात, चोपडा-अमळनेरच्या खेड्यांत, शिरपूरकडच्या मळ्यांत अजूनही एखाद्या शेडमध्ये खताच्या गोण्यांआड राजदूत किंवा येझदी उभी असते. वडिलांनी घेतलेली, काकांनी फिरवलेली आणि चार-स्ट्रोक गाड्या आल्यावर मागे सरकवलेली. ती बाहेर काढायचं ठरलं की घरात दोन तट पडतात. मोठ्यांना ती होती तशी हवी असते. पोरांना मोबाइलवर पाहिलेली कॅफे रेसर (खाली आणलेलं हँडल, लहान सीट) किंवा बॉबर (आखूड मडगार्डची गाडी) हवी असते.

माझं मत आधीच सांगतो. गाडी घरची असेल, पूर्ण असेल आणि तिचे कागद असतील, तर ती मूळ रूपातच उभी करावी. ज्या गाडीचे निम्मे पार्ट आधीच भंगारात गेलेत, तिच्यासाठी कस्टमचा, म्हणजे आपल्या आवडीने रूप बदलण्याचा, विचार ठेवावा, आणि तिथेही नट-बोल्ट सोडून परत काढता येतील एवढेच बदल करावेत. फ्रेमला ग्राइंडर लावायचा नाही. कापलेल्या फ्रेमचा मागचा भाग पुन्हा वेल्डिंगने जोडता येतो, पण ती मूळ फ्रेम राहत नाही, आणि मागे माणूस बसवून खड्ड्यातून जाताना त्या जोडावर किती भरवसा ठेवायचा हे कुणीच सांगू शकत नाही.

कागदांवर अर्धा निर्णय ठरतो

पाना हातात घेण्याआधी आरसी बुक शोधा आणि त्यावरचे चेसिस व इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहा. गंजाखाली नंबर दिसत नसेल तर रॉकेल लावून मऊ ब्रशने घासा, खरकागद नको. आरसी वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारस म्हणून फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करता येते. नोंदणीची मुदत संपली असेल तर नूतनीकरणाला फॉर्म २५ लागतो. पुस्तकाच्या जमान्यातली नोंद संगणकावर चढलेलीच नाही, असं अनेकदा निघतं. तेव्हा आरटीओत आधी बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, या कामाला फेऱ्या होतात, म्हणून ते इंजिनाच्या आधी सुरू करावं.

दोन वाटांतला पहिला ठळक फरक इथेच दिसतो. नूतनीकरणाला गाडी तपासणीसाठी न्यावी लागते आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला छाप लागतो. मूळ रूपातली गाडी तिथे सरळ पास होण्यासारखी असते. बदललेल्या गाडीपुढे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उभं राहतं: आरसीवरचा तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. आरसीवर रंगही लिहिलेला असतो, त्यामुळे लाल गाडी काळी केली तर तीही नोंद बदलून घ्यावी लागते.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर आणखी एक दार उघडतं. जुलै २०२१ च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. म्हणजे कस्टम केलेल्या गाडीला हे दार बंद. पण ही नोंदणी घेतली की गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. शेतात आणि बाजाराला रोज न्यायची असेल तर या फंदात पडू नका, साधं नूतनीकरणच बरं.

खर्चाचा हिशेब लोक मांडतात तसा नाही

मूळ पार्ट शोधावे लागत नाहीत म्हणून कस्टम स्वस्त पडतं, असा समज आहे. मला तो पटत नाही. पैसे जिथे खरोखर जातात ती कामं दोन्ही वाटांवर सारखीच आहेत: बोअर (सिलेंडर आतून घासून घेणं), पिस्टन-रिंग, क्रँक, सील, क्लचप्लेट, वायरिंग, ब्रेकशू, टायर-ट्यूब, बेअरिंग. हाफ इंजिन (फक्त सिलेंडर-पिस्टनचं काम) असो वा फुल इंजिन (क्रँकसह सगळं), लेथवाल्याला टाकी कोणत्या आकाराची आहे याच्याशी घेणं नसतं. फरक उरतो तो वरच्या साजाचा.

मूळ गाडीत हा साज म्हणजे क्रोम, मडगार्ड, टाकीचे बॅज, मीटर, टूलबॉक्सची झाकणं. यात क्रोम महाग पडतं, कारण गंजाचे खड्डे घासून, निकेल चढवून मग क्रोम द्यावं लागतं. स्वस्तातलं चकचकीत प्लेटिंग दोन पावसाळ्यांत सुटतं. पण या वाटेला शेवट आहे. पार्टची यादी संपली की काम संपलं. कस्टममध्ये तो शेवट तुम्हाला ठरवावा लागतो. सीट लहान केली की मागचा मडगार्ड बसत नाही, मडगार्ड हलवला की लाइटची जागा जाते, हँडल खाली आणलं की केबल लांब पडतात आणि हँडल वळवताना टाकीला लागतं. एका बदलातून पुढचे चार बदल निघतात आणि प्रत्येक वेळी फॅब्रिकेशनवाल्याकडे जावं लागतं. घरी सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्याचा कस्टम प्रकल्प अर्धवट सुटतो तो बहुतेक याच टप्प्यावर.

विकायची वेळ आली तरी फरक दिसतो. मूळ रंगातली, नंबर जुळणारी येझदी बाजारात उभी केली तर अनोळखी माणूस थांबून "देस का भाऊ?" विचारतो. कस्टम गाडीला गिऱ्हाईक मिळतं ते ज्याची आवड तुमच्याशी जुळते त्याचंच.

आपल्या हवेत काय टिकतं

या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त भर देईन, कारण पुण्या-बंगळुरूच्या गॅरेजातले व्हिडिओ बघून इथे गाडी बनवली की ती इथल्या उन्हात आणि धुळीत फसते.

कस्टममध्ये पहिली गोष्ट होते ती मूळ एअर फिल्टरचा डबा काढून तिथे उघडा कोन फिल्टर लावण्याची. पाठोपाठ मोकळा सायलेन्सर. दोन्हींमुळे हवा वाढते, पण कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) तोच राहिला तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. राजदूत-येझदीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलबरोबर येणाऱ्या टू-टी ऑइलमधूनच. पेट्रोल कमी म्हणजे वंगण कमी आणि उष्णता जास्त. भुसावळ-जळगावचा मे महिन्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. हवेवर थंड होणारं जुनं इंजिन अशा दुपारी सलग वेगाने पळवलं की पिस्टन जाम होतो, आणि चाक अचानक अडकलं तर माणूस रस्त्यावर येतो. त्यात उघड्या फिल्टरला काळ्या मातीची बारीक धूळ झेपत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतरस्त्याने जाऊन या, फिल्टरवरचा थर दिसेल. कंपनीचा डबा दिसायला बोजड असला तरी तो सिलेंडर वाचवतो.

दुसरी गोष्ट मडगार्ड. बॉबरला ते आखूड करतात. पावसाळ्यात काळी चिकण माती मागच्या चाकावरून थेट पाठीवर येते, हा भाग सोडला तरी मागे बसणाऱ्यासाठी पकड, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हे नियमानेच लागतं. आई किंवा बायको साडी नेसून मागे बसणार असेल तर साडीगार्ड काढण्याचा विचारसुद्धा करू नये.

रंगाचं म्हणाल तर फ्रेमला पावडर कोटिंग चांगलं टिकतं, दोन्ही वाटांवर. फक्त देण्याआधी चेसिस नंबर आणि बेअरिंगच्या जागा टेपने झाकायला सांगा, नाहीतर जाड थराखाली नंबर जातो आणि छाप उमटत नाही. टाकीचा रंग घरच्या शेडमध्ये मारायचा असेल तर उन्हाळ्यातल्या वावटळीत नको, पावसाळ्याच्या दमट हवेतही नको, कारण रंगावर पांढूरकी छटा येते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस त्यासाठी उत्तम.

गाडीगणिक उत्तर बदलतं

जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. ते ३४६ सीसीचं इंजिन दशकानुदशकं जवळपास तसंच बनत राहिल्यामुळे पार्ट भरपूर मिळतात, दिल्लीच्या करोल बागेतून कुरिअरनेही येतात. हँडल, सीट, टाकी तयार मिळतात आणि बोल्टने बसतात. कस्टमची हौस खरंच असेल तर ती बुलेटवर करावी आणि मूळ सामान पोत्यात बांधून माळ्यावर ठेवावं. उजव्या पायाचा गिअर मात्र डावीकडे आणू नका. त्या गाडीची ओळख त्यातच आहे.

येझदी आणि जावा मूळ रूपातच शोभतात. म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०१८ नंतर आलेल्या नव्या जावाचे पार्ट या गाड्यांना चालत नाहीत, कारण ती पूर्ण वेगळी चार-स्ट्रोक गाडी आहे. म्हणून मूळ पार्टला किंमत आहे. एका सिलेंडरला दोन सायलेन्सर, किक आणि गिअर एकाच दांड्यात, असं रूप पुन्हा घडणार नाही. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीची क्रँक सील कडक झालेली असतात. क्लचच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढतं आणि पांढरा धूर थांबत नाही. मॅग्नेटोकडचं (वीज बनवणाऱ्या बाजूचं) गेलं की हवा ओढतं आणि इंजिन तापतं. ही दोन सील बदलल्याशिवाय बोअरला हात लावू नका. पॉइंटऐवजी (ठिणगी पाडणारा जुना यांत्रिक खटका) इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि १२ व्होल्टचं वायरिंग हे दोन बदल मी मूळ गाडीतही मान्य करतो. ते बाहेरून दिसत नाहीत आणि रात्री रस्ता दिसतो.

यामाहाच्या आरएक्स १०० बद्दल पोरांशी वाद होतो. १९८५ ते १९९६ मधली ही ९८ सीसीची गाडी आज मूळ अवस्थेत मिळणं दुर्मीळ होत चाललंय, कारण जो तो तिला आरएक्स १३५ चा सिलेंडर आणि एक्सपान्शन चेंबर (ताकद वाढवणारा फुगीर सायलेन्सर) लावतो. मोठा सिलेंडर बसवला की आरसीवरची सीसी खोटी ठरते, आवाजाचा दंड वेगळा. ठाकठीक ट्यून केलेली मूळ आरएक्स पुरेशी पळते.

राजदूत १७५ ला बाजारभाव फारसा नाही, पण घरी शिकायला तिच्याइतकी सोपी गाडी नाही. पार्ट अपुरे असतील तर हीच स्क्रॅम्बलरसाठी (कच्च्या रस्त्यावर चालवायच्या ढंगाची कस्टम गाडी) घ्या. राजदूत ३५० मात्र हाताशी लागली तर तिला काहीही कापू नका आणि दोन सिलेंडरचं इंजिन जाणकाराकडेच उघडा.

घरी किती करायचं

सोडवणं, साफ करणं, वायरिंग, ब्रेक, केबल, कार्बोरेटर, टाकीचा गंज काढणं हे घरी होतं. टाकीत लिंबूसत्वाचं कोमट पाणी दोन दिवस ठेवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा आणि लगेच आतून ऑइल फिरवा, कारण उघडं लोखंड काही तासांत पुन्हा गंजतं. पेट्रोल राहिलेल्या टाकीला घरी वेल्डिंग कधीच नाही, वाफेने स्फोट होतो. बोअर, क्रँक आणि रिमच्या तारा ओढणं बाहेर द्या.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते जुनं रबर फुगवतं आणि ओल धरतं. त्यामुळे दोन्ही वाटांवर पेट्रोल पाइप, कॉकचं वॉशर आणि कार्बोरेटरची रबरं इथेनॉल चालणारी घ्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करा.

एवढं करून गाडी किकवर सुरू झाली की रंग, क्रोम, सीट यांना हात न लावता एक हिवाळा ती तशीच चालवा. जुन्या रंगाचा ओरखडा आणि मीटरची पिवळी काच तुम्हाला खुपते की आवडायला लागते, हे त्या काळात कळेल, आणि कॅफे रेसरसाठी जपून ठेवलेले पैसे कुठे लावायचे तेही.