प्राथमिक आरोग्य केंद्रातील गर्भाशयमुखाची तपासणी : सिस्टर उत्तम, पुढची वाट अवघड

३० ते ६५ वर्षे वयाच्या प्रत्येक स्त्रीची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी दर ५ वर्षांनी तपासणी व्हावी आणि ती गावाजवळच्या सरकारी केंद्रात मोफत मिळावी, असे केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटले आहे. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातील ज्या स्त्रियांनी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घेतली होती, त्यांचे प्रमाण शंभरात दोनही भरले नव्हते. माझ्या मोठ्या जाऊबाई आणि मी अलीकडेच आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी करून घेतली. त्या सेवेचे हे परीक्षण आहे.

सुरुवात आशाताईंपासून झाली. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी त्यांच्याकडे सीबॅक नावाचा, आजारांचा धोका ओळखण्यासाठीचा प्रश्नांचा फॉर्म असतो. त्यात तंबाखूच्या सवयीपासून दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्तस्राव होतो का, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाते का, इथपर्यंत सर्व विचारलेले असते. आशाताई कामसू आहेत, याबद्दल वाद नाही. परंतु हे सगळे प्रश्न त्यांनी ओसरीवर, मामंजी आणि भावोजी बसलेले असताना मोठ्याने विचारले, आणि साहजिकच प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ असेच उत्तर मिळाले. जाऊबाईंना तीन महिन्यांपासून त्रास होता, हे मला त्याच रात्री स्वयंपाकघरात कळले.

केंद्रातल्या सिस्टरांनी मात्र पहिल्याच भेटीत मन जिंकले. खोलीचे दार आतून लावून घेणे, पडदा ओढणे, तपासणीच्या टेबलावर झोपण्याआधीच प्रत्येक टप्पा सांगणे, स्पेक्युलम, म्हणजे योनिमार्ग उघडून आत पाहण्याचे साधन, हातात घेऊन दाखवणे आणि ‘दुखले तर थांबवा म्हणा’ असे आवर्जून बजावणे, या गोष्टींना कोणताही खर्च येत नाही. तरीही आजवर ज्या ज्या दवाखान्यात मी गेले, तिथे त्या क्वचितच अनुभवास आल्या. तपासणी स्वतः अगदी साधी आहे. गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, कापसाच्या बोळ्याने लावतात, मिनिटभर थांबतात आणि तेजस्वी प्रकाशात तिथे पांढरा चट्टा उमटतो का ते डोळ्यांनी पाहतात. निकाल तिथल्या तिथे मिळतो. मी सिस्टरांना विचारले, ‘तुम्ही स्वतः करून घेतली आहे का?’ त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘प्रशिक्षणाला गेलो तेव्हा आम्ही एकमेकींची केली. त्याआधी दहा वर्षे इतरांनाच सांगत होते.’ हा प्रामाणिकपणा मला पोस्टरांपेक्षा अधिक मोलाचा वाटला.

इतक्या साध्या तपासणीने काय साधणार, अशी शंका अनेकींना येते. तिचे उत्तर मुंबईतच मिळालेले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या संशोधकांनी तिथल्या वस्त्यांमधील सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर २ वर्षांनी केलेल्या याच तपासणीमुळे या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्या सेविका डॉक्टर नव्हत्या, हे विशेष. उलट बाजूही सांगायला हवी. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील २००९ च्या अभ्यासात अशी तपासणी एकदाच केल्यावर मृत्यू लक्षणीय घटल्याचे दिसले नाही. तिथे या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या एकाच चाचणीने मात्र ते जवळपास निम्म्यावर आले. जागतिक आरोग्य संघटनाही २०२१ पासून एचपीव्ही चाचणीलाच प्रथम पसंती देते. आमच्या केंद्रात ती उपलब्ध नाही, म्हणजेच इथे जी तपासणी होते तिचे सगळे बळ ती ठरल्या वेळी पुन्हा होण्यात आहे.

सेवेची खरी उणीव तपासणीनंतर जाणवते. जाऊबाईंच्या तपासणीत पांढरा चट्टा दिसला. ‘चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे, सूज किंवा जंतुसंसर्गानेही असे दिसते, पण मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीतून पाहणे आवश्यक आहे,’ हे सिस्टरांनी खाली बसून, शांतपणे, दोनदा समजावले. पुढे ज्या रुग्णालयात पाठवले, तिथे चिठ्ठी कोणी नीट वाचली नाही. पहिल्या खेपेस संबंधित डॉक्टर रजेवर होते, दुसऱ्या खेपेस कॉल्पोस्कोप, म्हणजे तीच दुर्बीण, बंद होता. तिसऱ्या खेपेस तुकडा काढून तपासायला पाठवला आणि त्याचा अहवाल घेण्यासाठी चौथी खेप करावी लागली. अहवालात सूज निघाली, औषधे मिळाली, काळजी मिटली. परंतु दर खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. दुसऱ्याच खेपेनंतर ‘आता नको, काही होत नाही मला’ असे त्या म्हणू लागल्या होत्या. पूर्वकर्करोगाचा, म्हणजे कर्करोग होण्याआधीच्या अवस्थेतला, लहान चट्टा उष्णता देऊन काही मिनिटांत, भूल न देता नष्ट करता येतो, आणि योग्य प्रशिक्षण व उपकरण असेल तर हे काम तपासणीच्याच भेटीत होऊ शकते. ती सोय केंद्रात असती तर ज्यांना खरोखर गरज आहे अशा स्त्रिया मधल्या वाटेवरून परत फिरल्या नसत्या.

सासूबाईंचीही तपासणी करावी, असा माझा आग्रह होता. त्या अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. पाळी गेल्यानंतर गर्भाशयमुखाचा जो भाग पाहायचा असतो तो आत सरकतो आणि डोळ्यांनी नीट दिसत नाही, म्हणून सिस्टरांनी त्यांना पॅप तपासणीसाठी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी, जायला सांगितले. आकडा वाढवण्यासाठी त्यांनी उगाच नोंद केली नाही, याचे मी कौतुकच करीन.

तपासणी फक्त बुधवारी सकाळी होते, आणि शेतीच्या हंगामात ती वेळ बायकांना सोयीची नाही. स्वच्छता चांगली होती. प्रतीक्षा तासाभराची होती, पण बसायला बाक होता.

मी या सेवेला पाचपैकी साडेतीन गुण देते, आणि त्यातले तीन केवळ सिस्टरांचे आहेत. माझ्या कार्डावर ‘पुढील तपासणी’ हा रकाना कोराच आहे. काउंटरवर विचारले तेव्हा ‘आशाताई सांगतील’ असे उत्तर मिळाले, आणि आशाताईंना विचारले तेव्हा त्यांनी कार्ड पाहून केंद्रात चौकशी करायला सांगितले.